आधी स्पीकर मोजा, मग व्हॉल्व्ह अँप निवडा: जोडी जमवण्याचा क्रम

दर उन्हाळ्यात मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "काका, नवीन ट्यूब अँप घेतला, पण तबला लागला का आवाज फाटून राहिला." मी विचारतो, स्पीकर कोणते? "आहेत ना जुनेच, चांगले आहेत." किती ओहमचे? "आठ असतील." किती डेसिबलचे? तिथे फोन गप्प होतो.

चूक अँपची नसते, बहुतेक वेळा स्पीकरचीही नसते. क्रम उलटा झालेला असतो. पैसे आधी अँपवर जातात, मग घरातल्या स्पीकरला त्याच्याशी संसार करायला लावतात. ट्रान्झिस्टर अँपमध्ये हे बरंचसं खपून जातं, कारण समोरच्या लोडकडे, म्हणजे स्पीकरच्या भाराकडे, तो फारसं लक्ष देत नाही. व्हॉल्व्ह अँप, म्हणजेच काचेच्या नळ्यांचा ट्यूब अँप, देतो. त्याच्या आणि स्पीकरच्या मध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्यातून स्पीकरचा सगळा स्वभाव थेट व्हॉल्व्हपर्यंत पोचतो.

खाली दिलेला क्रम मोडू नका. एका पायरीचा आकडा पुढच्या पायरीत लागतो.

तयारी: काय हाताशी हवं

- एसीची २ व्होल्टची रेंज असलेला मल्टीमीटर. सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरला एसीच्या २०० आणि ७५० व्होल्ट अशा दोनच रेंज असतात, त्याने हे काम होणार नाही.
- १० ओहम, १० वॅटचा एक रेझिस्टर.
- ८ ओहम, ५० वॅटचे दोन रेझिस्टर, ॲल्युमिनियमच्या खोळीतले. हे तुमचे डमी लोड, म्हणजे स्पीकरच्या जागी लावायचे खोटे भार.
- २२० ओहम, १० वॅटचे दोन रेझिस्टर. यांचं काम पाचव्या टप्प्यात.
- मोबाईल किंवा लॅपटॉपवर साइन वेव्ह (एकाच फ्रिक्वेन्सीचा शुद्ध सूर) काढणारं कुठलंही ॲप, एक साधा ट्रान्झिस्टर अँप, मगरचिमटे, कागद-पेन.

हे सगळं आमच्या नागपुरात बर्डीवर सुट्या भागांच्या दुकानांत मिळतं. ५० वॅटचे रेझिस्टर एखाद्या दुकानात नसले, तर २५ वॅटचे १६ ओहमचे दोन-दोन समांतर जोडा, तेच होतं.

सावधान: चालू व्हॉल्व्ह अँपच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात. या लेखातल्या एकाही कामासाठी अँपचं झाकण उघडावं लागत नाही. उघडू नका.

टप्पा १: तुमच्या खोलीला किती वॅट लागतात

इथे सगळे घाई करतात. "आठ वॅट पुरतात का?" या प्रश्नाला सुटं उत्तर नाही, पण हिशोब पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे.

स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा. १० बाय १४ फुटांच्या खोलीत दोन्ही स्पीकर चालू आहेत आणि तुम्ही दहा फुटांवर बसला आहात, तर त्या आकड्यातून साधारण ३ वजा करा. अंतरामुळे आवाज कमी होतो, पण दुसरा स्पीकर आणि भिंती त्यातला बराचसा भरून काढतात. मग लक्षात ठेवायचं इतकंच: वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०.

मन लावून ऐकताना सरासरी ७५ डेसिबल भरपूर होतात. पण तबल्याची थाप, झांज, तार सप्तकातली तान या सरासरीच्या १८ डेसिबल वर सहज जातात. म्हणजे ९३ पर्यंत पोचता आलं पाहिजे.

८७ डेसिबलचा स्पीकर घ्या. खोलीत १ वॅटला ८४ मिळाले. ९३ ला ९ कमी. तीनदा दुप्पट करा: २, ४, ८. ८ वॅट लागले. ३००बी नावाच्या व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड अँप (पूर्ण लहर एकच व्हॉल्व्ह उचलतो असा) साधारण एवढेच देतो, म्हणजे काठावर.

आता कूलर लावा. नागपुरात एप्रिल ते जून डेझर्ट कूलरशिवाय बसून गाणं ऐकणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कूलरच्या घरघरीवर आवाज न्यायला आपण नकळत ५-६ डेसिबल वाढवतो. ६ डेसिबल म्हणजे चौपट वॅट. त्या ८ चे ३२ झाले. फोन उन्हाळ्यातच का येतात ते इथे कळतं. डिसेंबरात तोच अँप, तेच स्पीकर, कुणाची तक्रार नसते.

हाच हिशोब ९३ डेसिबलच्या स्पीकरवर करा: कूलरविना २ वॅट, कूलरसकट ८. अँप तोच राहिला, फक्त स्पीकर बदलला.

ढोबळ अंदाजासाठी, प्रत्येक चॅनेलला: ईएल८४ सिंगल-एंडेड ३ ते ५ वॅट, ३००बी साधारण ८, ईएल८४ पुश-पुल (लहरीचे दोन अर्धे दोन व्हॉल्व्ह वाटून उचलतात असा) १० ते १७, ईएल३४ पुश-पुल ३० ते ५०, केटी८८ पुश-पुल त्याहून थोडे जास्त.

तपासणी: माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी "२.८३ व्होल्टला" अशी दिली आहे का, ते बघा. ८ ओहममध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. पण ४ ओहममध्ये तेच २ वॅट होतात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरवर ९० लिहिलं असेल तर तुमच्या हिशोबात ८७ धरा. या एका ओळीत पुष्कळ लोक फसले आहेत, त्यात मीही होतो.

टप्पा २: स्पीकरची पाठ वाचू नका, मोजा

मागच्या पाटीवरचं "८ ओहम" हे नाव आहे, माप नाही. इम्पीडन्स, म्हणजे स्पीकर एसी करंटला करतो तो विरोध, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. मी मोजलेला एक छोटा बुकशेल्फ स्पीकर, पाटीवर ८, १६० हर्ट्झला ३.८ ओहम निघाला आणि क्रॉसओव्हरच्या (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) फ्रिक्वेन्सीजवळ २८ वर चढला. ट्रान्झिस्टर अँपवर तो वर्षानुवर्षं मजेत वाजत होता.

आधी सोपी चाचणी. अँपची वायर काढून मल्टीमीटरने स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स बघा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.८. काहीच न दाखवणारा स्पीकर आतून तुटलेला आहे. त्याला व्हॉल्व्ह अँपच्या जवळही आणू नका.

सावधान: मंडपातले जुने भोंगे किंवा कॉलम स्पीकर स्वस्तात मिळतात, आणि सेन्सिटिव्हिटी जास्त म्हणून लोक हौसेने आणतात. त्यांतल्या बहुतेकांच्या आत १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. १० वॅटच्या टॅपवर (टॅप म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून वायर जोडायला काढलेलं टोक) असा भोंगा अँपला १००० ओहमचा दिसतो. ८ ओहमच्या टॅपला तो जोडणं म्हणजे जवळजवळ काहीच न जोडणं. आतला ट्रान्सफॉर्मर काढून थेट कॉइलला वायर लावल्याशिवाय वापरू नका.

आता खरं मोजमाप. यासाठी ट्रान्झिस्टर अँप वापरा, व्हॉल्व्हचा नाही.

१. अँपच्या एका चॅनेलमधून वायर काढा, १० ओहमचा रेझिस्टर आणि स्पीकर एकामागे एक जोडा.
२. साइन वेव्ह लावा, आवाज इतका ठेवा की दोन्ही मिळून साधारण २ व्होल्ट यावेत.
३. रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजा, मग स्पीकरवरचे. मीटरची रेंज बदलू नका.
४. स्पीकरचे व्होल्ट भागिले रेझिस्टरचे व्होल्ट, गुणिले १०. आला इम्पीडन्स.

२०, २५, ३१, ४०, ५०, ६३, ८०, १००, १२५, १६०, २००, २५०, ३१५, ४०० हर्ट्झ, पुढे ६३०, १०००, १६००, २५००, ४०००, १०००० एवढ्यावर मोजा. वरच्या फ्रिक्वेन्सीला आवाज आणखी कमी करा, नाहीतर ट्वीटर जाईल आणि घरच्यांचा संयमही. साधे मीटर ५०० हर्ट्झच्या वर चुकतात, पण एकाच मीटरने एकाच रेंजवर घेतलेल्या दोन आकड्यांचा भागाकार केला की ती चूक बरीचशी निघून जाते.

कागदावर तीन गोष्टींना गोल करा: ५० ते ४०० हर्ट्झमधला सगळ्यात कमी आकडा, पूर्ण पट्ट्यातला सगळ्यात कमी, आणि सगळ्यात जास्त. संगीताचं बहुतेक वजन ४०० च्या खाली असतं, म्हणून पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

तपासणी: दोन्ही स्पीकर मोजा. एकाच जोडीतल्या दोघांत मोठा फरक दिसला, तर क्रॉसओव्हर आधी दुरुस्त करा.

टप्पा ३: अँपचा आऊटपुट इम्पीडन्स काढा

आऊटपुट इम्पीडन्स म्हणजे अँपचा स्वतःचा आतला विरोध. अँप अजून घेतला नसेल तर विकणाऱ्याकडे जाऊन हे करू द्यायला सांगा. नाही म्हणाला, तर निदान डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे अँप स्पीकरला किती आवरून धरतो तो आकडा, विचारा. ८ ला त्या आकड्याने भागलं की आऊटपुट इम्पीडन्स मिळतो.

घरी करायची रीत अशी. ८ ओहमचे दोन डमी लोड एकामागे एक जोडून अँपच्या ८ ओहम टॅपला लावा. म्हणजे १६ ओहम झाले. त्यातल्या एका रेझिस्टरवर मगरचिमट्याची वायर आडवी टाकली की ८ उरतात, काढली की पुन्हा १६. चिमटा निसटला तरी अँप रिकामा राहत नाही, म्हणून ही मांडणी.

२०० हर्ट्झ लावून, ८ ओहमवर २ व्होल्ट येतील असा आवाज ठेवा. आता चिमटा काढून पुन्हा मोजा. समजा २.४ आले. पहिल्या वेळी करंट २ भागिले ८, म्हणजे ०.२५ अँपिअर. दुसऱ्या वेळी २.४ भागिले १६, म्हणजे ०.१५. व्होल्ट ०.४ ने वाढले, करंट ०.१ ने घटला. ०.४ भागिले ०.१ म्हणजे ४ ओहम. डॅम्पिंग फॅक्टर २.

फीडबॅक (आऊटपुटचा थोडा भाग मागे देऊन चूक सुधारणं) नसलेल्या, ३००बीसारख्या सिंगल-एंडेड ट्रायोडमध्ये २ ते ४ ओहम येणं नेहमीचं. फीडबॅक असलेल्या पुश-पुलमध्ये १ च्या आसपास येतो.

टप्पा ४: जोडी जमते का, ते कागदावर बघा

मूळ काम इथे आहे. अँपचा ४ ओहम आणि स्पीकरचा इम्पीडन्स व्होल्टेज वाटून घेतात. स्पीकर ४ ओहमवर असतो तिथे निम्मंच व्होल्टेज त्याला मिळतं, म्हणजे ६ डेसिबल खाली. तोच स्पीकर ३० ओहमवर असतो तिथे जेमतेम १ डेसिबल खाली. दोन्हींत जवळजवळ ५ डेसिबलचा फरक. हा फरक स्पीकर बनवणाऱ्याने केलेला नाही, तुमच्या जोडीने केला आहे. "व्हॉल्व्हचा गोडवा" म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातला मोठा भाग हाच असतो. आणि तो गोडवा नेमका चुकीच्या जागी पडला की बाईचा आवाज नाकातला होतो, पुरुषाचा घागरीतला.

१ ओहमच्या अँपवर तोच फरक पावणेदोन डेसिबलच्या आत येतो.

माझी मर्यादा अशी: वरखाली फरक २ डेसिबलच्या आत असेल तर डोळे मिटून जोडा. २ ते ३ असेल तर ऐकून ठरवा. त्यापुढे गेला तर स्पीकर बदला किंवा अँप, केबल बदलून काही होणार नाही. हजारोंची केबल घेऊन ही अडचण सुटल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही.

बेसचं वेगळं बघा. अँपचा आऊटपुट इम्पीडन्स वूफरच्या कॉइलच्या मालिकेत येतो आणि त्याला आवर घालणारा हात ढिला पडतो. ६ ओहमची कॉइल आणि ४ ओहमचा अँप असेल, तर वूफरचा इलेक्ट्रिकल क्यू (आकडा जितका मोठा तितका वूफरला आवर कमी) १.६७ पट होतो, ०.४ चा ०.६७. बंद खोक्याचा स्पीकर हे बऱ्यापैकी सोसतो. पोर्ट (खोक्याला हवेसाठी ठेवलेलं नळीसारखं भोक) असलेल्यात एका जागी बेस फुगतो. महालातल्या जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंती आणि लाकडी माळा त्यातलं थोडं पिऊन टाकतात. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स, स्लॅब आणि काच, तिथे बेस नुसता घुमतो.

टप्पा ५: टॅप निवडा, मग जोडा

अँपच्या मागे ०, ४, ८, १६ असे टॅप असतात, काही अँपना फक्त ४ आणि ८. दुसऱ्या टप्प्यात गोल केलेला पहिला आकडा, म्हणजे ५० ते ४०० हर्ट्झमधला किमान, त्याच्या सगळ्यात जवळचा टॅप निवडा. पाटीवर ८ असलेला पण ३.८ पर्यंत उतरणारा स्पीकर ४ च्या टॅपवर.

याचा एक जास्तीचा फायदा. ४ च्या टॅपवर अँपचा आऊटपुट इम्पीडन्स ८ च्या टॅपच्या निम्मा असतो. वरच्या उदाहरणात ४ चा २ ओहम झाला, आणि ५ डेसिबलचा फरक ३ वर आला. कमाल वॅट थोडे कमी होतील, पण बहुतेकांना ते कळतही नाही.

उलटं करू नका. ४ ओहमचा स्पीकर ८ च्या टॅपवर लावला की व्हॉल्व्हना मूळच्या निम्मेच ओहम दिसतात. वॅट घटतात, विकृती वाढते, व्हॉल्व्ह जास्त राबतात. "४ ओहमवर दुप्पट वॅट" हा ट्रान्झिस्टरचा नियम आहे. इथे ४ चा स्पीकर ४ वर आणि ८ चा ८ वर लावला तर वॅट सारखेच मिळतात.

जोडण्याचा क्रम:

१. अँप बंद, भिंतीतला प्लग बाहेर.
२. २२० ओहमचा एकेक रेझिस्टर प्रत्येक चॅनेलच्या ० आणि निवडलेल्या टॅपमध्ये कायमचा घट्ट बसवा. स्पीकरची वायर कधी निसटली तर तोच आधार. ही विम्याची पावती आहे, लोड नव्हे.
३. स्पीकरच्या वायरी घट्ट करा, ओढून बघा.
४. सगळ्यात शेवटी सोर्स (सीडी प्लेयर, फोन, जे काही गाणं देतं ते), मग वीज.

सावधान: स्पीकर न लावता व्हॉल्व्ह अँपला सिग्नल कधीही देऊ नका. लोड नसला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर, व्होल्टेज प्रचंड उसळतं आणि आतल्या आत ठिणगी पडते. मी एकदा वायर लावायची विसरून आवाज का येत नाही म्हणून नॉब फिरवत गेलो. आवाज आला, पण ट्रान्सफॉर्मरमधून, बारीक चिरका. मग तो इतवारीत नव्याने गुंडाळून घ्यावा लागला, आणि दोन महिने घरात रेडिओच वाजला.

नेहमी दिसणाऱ्या चुका, एका दमात: एक स्पीकर ४ ला आणि दुसरा ८ ला लावून एकाच चॅनेलवर दोन वाजवणे, कारण दोघांचा भार ट्रान्सफॉर्मरवर एकत्र पडतो. ८ चे दोन समांतर लावून टॅप ८ वरच ठेवणे, खरं तर तिथे ४ हवा. स्पीकर बदलणारी स्विचची पेटी अँप वाजत असताना फिरवणे, कारण मधल्या क्षणी अँप रिकामा राहतो. दोन्ही चॅनेलचे ० टॅप बाहेरून एकत्र बांधणे.

टप्पा ६: वीज आणि जागा

रात्री अकरानंतर आणि संध्याकाळी सातला, अशा दोन वेळी सॉकेटमधले व्होल्ट मोजून ठेवा. बाहेरून आलेले पुष्कळ अँप २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले असतात. सॉकेटमध्ये २५० आले, तर व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ७.१ च्या पुढे मिळतात. दहा टक्क्यांची सूट तिथेच संपली, शिवाय आतलं हाय व्होल्टेजही तितकंच वाढतं. २४० च्या वर नेहमी जात असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, किंवा अँपच्या वीज घेणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी टॅप जाणकाराकडून बदलून घ्या.

अँप काचेच्या शोकेसमध्ये नको. वरती एक वीत मोकळी. कूलरच्या थेट झोतातही नको, ओलावा आणि धूळ दोन्ही सॉकेटमध्ये बसतात. कूलरचा पंप सुरू होताना स्पीकरमध्ये टक वाजत असेल, तर दोघांना वेगळ्या बोर्डवर न्या.

तपासणी: पहिली दहा मिनिटं दिवे मालवून व्हॉल्व्हकडे बघा. हीटरचा नारिंगी उजेड ठीक. आतली धातूची प्लेट लालसर दिसली तर लगेच बंद करा. तो बायसचा (व्हॉल्व्हमधून स्थिर करंट किती वाहावा त्या सेटिंगचा) प्रश्न आहे, स्पीकरचा नाही.

टप्पा ७: गुणगुण आणि मग ऐकणं

सोर्सच्या जागी इनपुट शॉर्ट करा (मधली पिन आणि बाहेरचं कडं एकमेकांना जोडा), स्पीकर लावलेले राहू द्या, टर्मिनलवर एसी मिलिव्होल्ट मोजा. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर ५ मिलिव्होल्टची गुणगुण खुर्चीपर्यंत येत नाही. १०० डेसिबलच्या हॉर्नवर तीच रात्रभर छळते, तिथे १ मिलिव्होल्टच्या आसपास हवी. म्हणून फार जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घेण्याआधी अँपची गुणगुण मोजा.

ऐकताना तीनच गोष्टी लावा. नुसता तानपुरा: चारही तारा सारख्या जोरात येतात का, की एकच पुढे येते? तबल्याच्या बायाची, म्हणजे डग्ग्याची, मींड: खाली उतरताना मध्येच एक सूर फुगतो का? आणि बोलणारा पुरुष, एकटा. त्याचा आवाज छातीतून येतोय की डब्यातून? मैफलीच्या आठवणीशी तुलना करू नका. सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात ऐकलेलं गाणंही माइकवरून, म्हणजे कुणाच्या तरी स्पीकरमधूनच ऐकलेलं असतं.

बेस फुगत असेल तर याच क्रमाने करा: एक टॅप खाली उतरा, स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, पोर्टमध्ये गुंडाळलेला सुती मोजा ठेवा. हसू नका, मोजा खरंच चालतो. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस ऐका, एकाच संध्याकाळी तिन्ही केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मधला पट्टा ओबडधोबड वाटला, तरच क्रॉसओव्हरच्या समांतर रेझिस्टर-कॉइल-कपॅसिटर लावून इम्पीडन्स सपाट करण्याचा विचार करा. त्यासाठी दुसऱ्या टप्प्यातला कागद लागेल.

टॅप बदलताना दर वेळी अँप बंद करा, २२० ओहमचा रेझिस्टर नव्या टॅपवर न्या, मगच वायर हलवा. शेवटी अँपच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा: कुठला टॅप, स्पीकरचा किमान ओहम, सॉकेटचे व्होल्ट, तारीख. कूलर माळ्यावर गेल्यावर एकदा आणि खाली उतरल्यावर एकदा टर्मिनलचे स्क्रू आवळा. नागपूरच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात ते सैल होतातच.